इतकं सुंदर की उघडवत नाही

समजा, तुमच्यासमोर टेबलावर एक पेटी आहे. मनातच ठेवा ती, पण नीट मधोमध ठेवा, कडेला नको. पुठ्ठ्याची पेटी, वीतभर रुंद, चार बोटं उंच. तिच्यावर गडद निळा कागद आहे. त्याला कुठे चिकटपट्टी नाही, डिंकाचा थेंब नाही, तरी तो जागचा हलत नाही. वरच्या अंगाला कागदाचं एक टोक किंचित बाहेर आलंय, सशाच्या पिल्लाच्या कानाएवढं. तो कान धरून ओढला की सगळा कागद चारी बाजूंनी सुटा होणार, एवढासाही न फाटता. दिसली पेटी? आता ती दोन्ही हातांनी उचला. आणि सांगा, आत काय असेल? घाई नको. मोठी माणसंही इथेच चुकतात. ज्या बाईची ही गोष्ट आहे तिनं उभा जन्म असली बोचकी बांधण्यात घालवला होता, हातात घेतल्याबरोबर आतल्या वस्तू ती मोजून सांगायची, आणि त्या दिवशी दुपारी तीसुद्धा चुकली.

तिला आपण आजी म्हणू, कारण त्या घरात सगळे तेच म्हणत. लेक तेवढी आई म्हणायची. मोठी सुट्टी चार दिवसांवर आली होती. सुट्टीत लोक एकमेकांकडे जात, भेटी देत, आणि त्या भेटी देखण्या करून बांधण्याची त्या सुमाराला सगळ्यांनाच घाई असे. आजी लेकीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, जेवणाच्या टेबलाशी बसून बारावी पेटी बांधत होती. लेक एका कागद बनवणाऱ्या कंपनीसाठी घरातूनच काम करायची. तिचं काम म्हणजे घरच्या घरी भेटवस्तू सुंदर कशी गुंडाळावी हे मोबाईलवर चित्रफिती करून लोकांना दाखवायचं. त्या सकाळी तिनं बारा पेट्या, कागदांची गुंडाळी आणि रेशमी फितीची रिळं टेबलावर आणून ठेवली होती आणि म्हणाली होती, "आई, तुझी ती बिनचिकटपट्टीची घडी घालून देशील का? माझी येते, पण तुझ्यासारखी कडक येत नाही." आजीनं वर बघितलं नाही, कारण वर बघितलं असतं तर तोंडावरचा आनंद दिसला असता. "यात काय आहे?" तिनं एक पेटी उचलून विचारलं होतं. हलकी होती. "नंतर सांगते," म्हणून लेक कानात फोनची ती बोंडं घालून खोलीत गेली. हलकी म्हणजे रुमाल असतील, मोजे असतील, एखादी लोकरीची टोपी असेल. आजीनं मनातल्या मनात पेट्या वाटूनही टाकल्या: ही थंडी बाधणाऱ्या कुणाला, ही नव्यानं बाळ झालेल्या कुणाला, ही एकट्या राहणाऱ्या कुणाला. ज्याला जायची तो माणूस डोळ्यांसमोर नसला की तिच्या हातून घडी नीट पडत नसे. आणि बाराव्या पेटीचा कान वळवताना कोपराचा धक्का लागून दुसरी एक पेटी टेबलावरून खाली पडली.

आता इथे दुसऱ्या कुणी काय केलं असतं? उचलून, फुंकर मारून जागेवर ठेवली असती. पण आजीचं तसं नव्हतं. ती इस्पितळात सिस्टर होती, आणि एकतीस वर्षं तिनं तळघरातल्या त्या विभागात काढली होती जिथे शस्त्रक्रियेची हत्यारं धुऊन, मोजून, दुहेरी कापडात बांधून वाफेच्या भट्टीत घालतात. तिथला पहिला नियम, भिंतीवर लिहिलेला नसला तरी हाडात मुरलेला, असा होता: जमिनीवर पडलेलं पाकीट वापरायचं नाही. उघडायचं, तपासायचं, पुन्हा बांधायचं. कुणी बघितलं नसलं तरी. त्यामुळे तिनं पेटी उचलली, कान ओढला, कागद सोडला, आत काही मोडलं-बिडलं नाही ना हे बघायला झाकण काढलं, आणि ती पेटीच्या पांढऱ्या, कोऱ्या तळाकडे बघत राहिली. मग तिनं पेटी उलटी करून हलवली. हे करताना आपण वेड्यासारखं करतोय हेही तिला कळत होतं. मग तिनं दुसरी उघडली, तिसरी उघडली. चौथी उघडायची गरज नव्हती. कानाशी धरून बोटाच्या पेरानं टकटक केलं तरी पुरे होतं. ही गोष्ट सकाळीच करायला हवी होती. हात सकाळीच सांगत होते आणि आपण हातांचं ऐकलं नाही, लेकीनं विचारलं या कौतुकात राहिलो, हे तिला कळलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

"अगं, ह्यात काही नाही," ती दारात जाऊन म्हणाली.

लेक खोलीत गोल दिवा खुर्चीच्या उंचीला आणत होती. "कशात?"

"पेटीत. एकाही पेटीत."

"हो. नाहीच आहे."

"म्हणजे भरायला विसरले की काय ते?"

"आई, फोटोला असतात त्या. आत काही नसतंच कधी."

"सकाळी विचारलं तर नंतर सांगते म्हणालीस."

"फोनवर होते गं मी." लेकीनं दिव्याचा खटका लावून बघितला आणि बंद केला. "आणि सांगितलं असतं तर तू बांधल्या असत्यास?"

आजीला या प्रश्नाचा फार राग आला, कारण उत्तर लेकीला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तिनं सांगितलं नव्हतं. म्हणजे ही नुसती विसरभोळी चूक नव्हती. आपल्या आईच्या हाताला काय नकोसं वाटेल हे ओळखून, त्या हाताला फसवून काम करून घेणं होतं. आणि वर ते गोड शब्द, कडक घडी म्हणे. "बडा घर पोकळ वासा," आजी म्हणाली, आणि सकाळपासून फितीची रिळं घोळवत बसलेल्या स्वतःच्याच बोटांकडे बघून तिला लाज वाटली. लेक हसली. "झाकली मूठ सव्वा लाखाची, हे कोण म्हणायचं? तूच ना?" "मुठीत निदान बोटं असतात," आजी म्हणाली. लेक पुन्हा हसली, यावेळी मनापासून, आणि ते हसणंही आजीला सहन झालं नाही. तिला भांडायचं होतं आणि समोरचं माणूस भांडायला तयार नव्हतं.

ती टेबलाशी परत येऊन बसली. उघडलेल्या तीन पेट्या पुन्हा बांधायला हव्या होत्या; ती बांधणार नव्हती. हात मांडीवर ठेवून ती बसली तरी हातांना काही तरी करायची सवय होती, ते कागदाची सुरकुती नखानं सपाट करू लागले. तळघरात खिडक्या नव्हत्या. हिरवं कापड टेबलावर पत्त्यातल्या चौकटीसारखं तिरकं टाकायचं, मधोमध हत्यारांची तबकडी, मग आपल्याकडचं टोक वर, त्याचा कान मागे, मग डावं, मग उजवं, शेवटी पलीकडचं टोक आपल्याकडे ओढून आत खोचायचं, पण शेपटी बाहेर ठेवायची, की उघडणाऱ्याला आतल्या कशाला हात न लावता पाकीट उघडता यावं. नव्या मुली विचारायच्या, एवढा कशाला खटाटोप, उघडून टाकायचंच तर आहे. ती सांगायची, बांधणारीनं बांधताना उघडणारीचा हात बघायचा असतो. त्यावर एक फिकी पट्टी लागायची. भट्टीतून वाफ लागून बाहेर आली की त्या पट्टीवर काळ्या रेघा उमटायच्या; रेघा नाहीत म्हणजे पाकीट कच्चं. आणि पट्टीवर लिहायचं: आत काय, किती, कुठली तारीख, बांधणारीची सही. भट्टी सांभाळणारे मामा म्हणायचे, सिस्टर, तुमची सही म्हणजे सरकारी मोहोर. त्या विभागातल्या सगळ्या बायका खालच्या मजल्यावरच्या म्हणून त्यांना इस्पितळात खालच्या म्हणत, आणि आजी तर खालची सिस्टर या नावानंच ओळखली जायची. हे नाव तिला कधी लागलं नाही. वरती दिव्यांच्या उजेडात जे काही चालायचं ते खालून आलेल्या पाकिटांवर चालायचं. आणि ह्या पोरीनं त्या घडीत हवा बांधून घेतली. तिनं मनातल्या मनात लेकीला पुष्कळ सुनावलं, मुद्देसूद, एकामागून एक, आणि प्रत्येक मुद्द्याला लेक मनातल्या मनातसुद्धा हसतच होती.

शाळेची रिक्षा खाली वाजली आणि नात वर आली. नात आठ वर्षांची होती. एका जागी ठरायची नाही म्हणून तिला भिंगरी म्हणत. तिनं दप्तर खुर्चीला अडकवलं, पेट्या बघितल्या, उघड्या तीन पेट्यांतही डोकावली आणि मुळीच चकित झाली नाही. हे आजीच्या लक्षात आलं. "तुला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"काय?"

"रिकाम्या आहेत ते."

"हो मग. त्या उघडायच्या पेट्या आहेत." भिंगरी एका पायावर उभी राहून मोजा काढत होती. "काल मी तीनदा उघडली. तू दाताच्या डॉक्टरकडे गेली होतीस तेव्हा. आईची घडी होती, तिसऱ्यांदा फाटली, म्हणून आज तुझी घेतली. आजी, तुला येतं का उघडायला? बघ हं. आधी कान ओढायचा हळूच. मग श्वास घ्यायचा, असा. मग झाकण काढायचं, पण लगेच आत बघायचं नाही, आधी आईकडे बघायचं. मग आत बघायचं. बघितलं की डोळे मोठे. मग तोंड उघडायचं, पण थोडं, फार उघडलं तर पडलेला दात दिसतो. मग पेटी छातीशी धरायची."

आणि तिनं ते करून दाखवलं. रिकाम्या हातांनी, पेटीशिवाय. श्वास, नजर, डोळे, तोंड. आजीनं ह्या मुलीचा आनंद पुष्कळदा पाहिला होता. खराखुरा आनंद झाला की ती गप्प व्हायची, खालचा ओठ आत ओढायची आणि ती वस्तू घेऊन कुठल्या तरी कोपऱ्यात पाठ करून बसायची. दिसायला तो आनंद काही विशेष नव्हता, एखाद्याला वाटावं पोरगी रुसली. आता समोर जो चेहरा होता तो फार सुरेख होता. कुठल्याही परक्या माणसाला तो आवडला असता. पेट्यांचं एक वेळ सोडा, पुठ्ठ्याला काय कळतं. पण ह्या मुलीच्या चेहऱ्याला कुणी तरी घडी घालायला शिकवली होती, आणि घडी अगदी कडक पडली होती.

ती पुन्हा खोलीच्या दाराशी गेली. यावेळी हसणं चालणार नव्हतं. "तू तिला काय शिकवतेस हे तुला कळतंय का?"

लेकीनं आईचा आवाज ओळखला आणि कानातली बोंडं काढली. "आई, खेळ आहे तो. तिला मजा येते. विचार तिला."

"मजा येते हेच तर. उद्या खरोखर कुणी काही दिलं की हाच चेहरा करेल, आणि आतून काय वाटलं ते तिचं तिलाही कळणार नाही."

"नाटकात काम केलं असतं तर टाळ्या वाजवल्या असत्यास."

"नाटक बघणाऱ्याला माहीत असतं नाटक आहे."

"इथेही सगळ्यांना माहीत असतं गं. कुणी एवढा विचार करत नाही. लोकांना घडी बघायची असते. तुझी घडी, आई. तू जन्मभर तळघरात घातलीस आणि चार माणसांनी पाहिली नाही. आता गावभर बघतील, शिकतील." लेकीचा आवाज खाली आला. "मला वाटलं तुला बरं वाटेल."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच आजीला जास्त चीड आली. "मग आत काही तरी घाल. काहीही. एक सफरचंद ठेव."

"वजन दिसतं. उचलताना हात खाली जातो. कंपनीनं सांगितलंय, पेटी हलकी, तरंगल्यासारखी दिसायला हवी."

"हलकीच आहे. कंपनीसारखी."

"आई, तासाभरात ऊन जाईल खिडकीतून. मग काय ते भांड. मला एवढं सांग," लेकीनं मोबाईल तीन पायांच्या तिकाटण्यावर चढवत, सहज, चिमटा काढायचा म्हणून विचारलं, "एकतीस वर्षांत तू कधी एकही पाकीट चुकीचं पाठवलं नाहीस?"

भिंगरी आजीच्या कमरेला बिलगून उभी होती आणि मान वर करून तिच्याकडे बघत होती. "नाही," आजी म्हणाली. तिनं आधी श्वास घेतला होता. मग लेकीकडे बघितलं होतं. डोळे स्थिर ठेवले होते, तोंड थोडं उघडलं होतं, फार नाही. "एकदाही नाही," ती म्हणाली, आणि भिंगरीनं अभिमानानं आईकडे बघितलं.

लेक मुलीचे केस नीट करायला लागली. आजी खिडकीजवळच्या खुर्चीवर बसली. हे 'नाही' तिनं इतक्यांदा म्हटलं होतं, मोठ्यानं आणि मनात, की ते तोंडातून बाहेर पडायला आता काहीच त्रास होत नसे. पण आज ते ऐकणारी मुलगी कमरेएवढी होती, आणि तो चेहरा कसा करायचा हे तिनं नुकतंच आजीला शिकवलं होतं. वरची सिस्टर. शस्त्रक्रियेचं थिएटर सगळ्यात वरच्या मजल्यावर होतं म्हणून तिथली ती वरची. डॉक्टरांच्या हातात हत्यार ठेवायचं काम तिचं. चष्मा लावायची, हळू बोलायची, आणि दुपारी जेवायला लिफ्टमधून खाली तळघरात यायची. दोघींचा डबा एकत्र. वरची आणि खालची मिळून एक पूर्ण इस्पितळ होतं, असं मामा म्हणायचे. त्या दिवशी सकाळी पोटाच्या हत्यारांचं पाकीट बांधताना दहातला एक चिमटा खटक्यात ढिला वाटला. रक्तवाहिनी धरून ठेवायचा छोटा चिमटा, आर्टरी म्हणायचे त्याला नुसतं. ढिला चिमटा पोटात सुटला तर केवढ्याला पडेल. म्हणून तिनं तो बाजूला काढला आणि एप्रनच्या खिशात टाकला, कपाटातून दुसरा घेऊन ठेवायचा म्हणून. तेवढ्यात मामांनी हाक मारली, सिस्टर, भट्टी लावतो, आहे ते द्या. आणि तिनं घडी घातली. कापड असं तंतोतंत बसलं होतं की तिला ते अजून आठवत होतं, दोन्ही कान सारखे, एकही वळी नाही. तिनं लिहिलं: दहा. सही केली. पाकीट दिसायला पूर्ण होतं.

दुपारी वरची जेवायला आली नाही. निरोप आला तो सगळं संपल्यावर. एका गवंड्याचं पोट घाईनं उघडावं लागलं होतं, एवढी घाई की सुरुवातीला कुणी हत्यारं मोजली नव्हती. शिवण्याआधी मोजली तर चिमटे नऊ. पट्टीवर दहा. एक आत राहिला या धास्तीनं माणसाला तसंच उघडं ठेवून शोधलं, जमीन शोधली, कचरा उपसला, एक्स-रेचं यंत्र ढकलत आणलं. पाऊण तास. काही सापडलं नाही, माणूस वाचला, शिवला. निरोप घेऊन आलेली बाई हे सांगत असताना खालच्या सिस्टरचा हात एप्रनच्या खिशात गेला आणि बोटांना तो चिमटा लागला. गरम होता, अंगाच्या उबेनं. बोलायचं ते त्याच क्षणी बोलायला हवं होतं. ती म्हणाली, "अरे देवा," आणि डोळे मोठे केले. मग चौकशी झाली. चिमटा कचऱ्यात गेला असणार, वरच्या सिस्टरनं आधी मोजायला हवं होतं, असं ठरलं. तिच्या नावावर शेरा बसला आणि तिला थिएटरमधून काढून बाहेरच्या मलमपट्टीच्या खोलीत नेमलं. तिथे ती निवृत्त होईपर्यंत लोकांचे गुडघे पुसत राहिली. ती एकदाच त्याबद्दल बोलली होती, डब्याचं झाकण लावता लावता. "तुझी सही बघितली, म्हणून मोजलं नाही गं." तक्रार नव्हती त्यात. आपली चूक सांगावी तशी ती म्हणाली होती. आणि चिमटा दुरुस्तीच्या खणात पडून होता, बाकीच्या पाच-पंचवीस चिमट्यांत, कुणाला ओळखू न येणारा. तेव्हापासून दरवर्षी सुट्टीच्या आधी सगळ्यात पहिली भेट वरचीला जायची. शाल, कधी चष्म्याचं घर, कधी पितळी डबी. त्या घडीवर आजी अख्खी सकाळ घालवायची. आणि दरवर्षी वरचीचा फोन यायचा, "इतकं सुंदर बांधतेस की उघडवत नाही." आजी हसायची आणि म्हणायची, "नको उघडूस मग."

खोलीत लेक म्हणत होती, "चल बेटा, कान ओढ. हळू. श्वास." भिंगरी स्टुलावर बसली होती, मांडीवर निळी पेटी, गोल दिव्याचा गोल उजेड तिच्या दोन्ही डोळ्यांत. तिनं कान ओढला आणि कागद चारी बाजूंना सुटला, जसा सुटायला हवा तसा, न अडता. घडी फार सुंदर उघडली. श्वास. झाकण. नजर आईकडे. नजर आत. "थांब," आजी म्हणाली. ती कधी उठून दारात आली हे तिला कळलं नव्हतं. "पाठवलं होतं. एकदा."

"आई, चालू आहे ते."

"चालू दे. दहा लिहिलं आणि नऊ पाठवले. एक माझ्या खिशात होता." आणि तिनं सगळं सांगितलं, उभ्यानं, दाराच्या चौकटीला धरून, सांगायला किती कमी वेळ लागला याचंच तिला नवल वाटलं. आवाज तिचा रागाचाच होता. दुपारभर लेकीवर तापलेला तोच आवाज, फक्त तोंड दुसरीकडे वळलेलं.

लेकीचा हात मोबाईलवर तसाच राहिला. वरच्या सिस्टरला ती मावशी म्हणायची, तिच्या मांडीवर वाढली होती. "मावशीला थिएटरमधून काढलं ते ह्याच्यामुळे?"

"काढलं नाही. हलवलं."

"आई."

"काढलं," आजी म्हणाली.

खिडकीतलं ऊन टेबलाच्या पायापर्यंत सरकलं होतं. भिंगरी पेटीत बघत होती. तोंड मिटलेलं, खालचा ओठ आत ओढलेला. मग तिनं विचारलं, "मावशीआजीला माहीत आहे?"

"नाही."

"म्हणजे तिला वाटतं तिनंच हरवला?"

"हो."

"अजून?"

आजीनं मान डोलावली. तिला वाटलं होतं मुलगी विचारेल का सांगितलं नाहीस, आणि त्याची उत्तरं तिच्याकडे होती, वर्षानुवर्षं घासून ठेवलेली: माणूस वाचला होता, नोकरी गेली असती, लेक तेव्हा शाळेत होती, घर कुणी चालवलं असतं. भिंगरीनं ते विचारलंच नाही. ती स्टुलावरून उतरली.

"बेटा, जागेवर बस, ऊन चाललंय," लेक म्हणाली, पण तिनं ते सवयीनं म्हटलं, आणि तिकाटण्यावरून मोबाईल तिनंच उतरवला.

भिंगरीनं दप्तर उघडलं, वही काढली, आणि शाळेत शिकवलं होतं तसं मधलं पान पिना न उसवता अलगद सोडवून घेतलं. टेबलावरच्या पेट्या तिनं दोन्ही हातांनी बाजूला सारल्या. एक खाली पडली, ती तिनं उचलली नाही. आजीला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. पान तिच्यासमोर सरळ केलं, वरच्या डाव्या कोपऱ्यात स्वतःच्या मोठ्या, गोल अक्षरात 'प्रिय' एवढंच लिहिलं, पेन आजीच्या बोटांत दिलं, आणि कागद सरकू नये म्हणून त्याचा कोपरा आपल्या तळहाताखाली दाबून धरला.